बारावा वाल

वाफा नऊ नंबरचा होता आणि तो मी घेतलेला नव्हता. माझ्या नवऱ्याने घेतला होता, मागच्या वर्षी गणपतीत. मोहन्याच्या पुढे, जुन्या रेयॉन कारखान्याची भिंत संपते तिथून आत गेलं की एका शेतकऱ्याची भातखाचरं आहेत. भात निघालं की दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत तो त्या खाचरांत दोऱ्या बांधून वाफे पाडतो आणि आमच्यासारख्या फ्लॅटमधल्या हौशी लोकांना लावायला देतो. ही बातमी कुठून तरी यांच्या कानावर आली आणि त्याच रविवारी हे नाव नोंदवून आले. घरी आल्यावर चप्पलही न काढता म्हणाले, यंदा वाल जमिनीत लावणार. मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, आधी हातपाय धुवा.

ते वाल काही लावू शकले नाहीत. दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथून ते घरी आले नाहीत.

यंदा दिवाळीच्या आधी त्या शेतकऱ्याच्या मुलाचा फोन आला. "काकी, काकांचं नाव गेल्या वर्षीपासून तसंच आहे. नऊ नंबर. घेताय का सोडताय?" त्याला काका गेल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा तो बिचारा म्हणाला की राहू द्या, देतो दुसऱ्या कोणाला. मी म्हटलं, देऊ नका, मी येते. पुण्याहून मुलीने फोनवर विचारलं की आई, हे काय नवीन, या वयात कुदळ कशाला. तिला मी म्हटलं की व्यायाम होतो. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

खरं कारण एका औषधाच्या जुन्या बाटलीत होतं. आमच्या ठाकुर्लीच्या घराच्या बाल्कनीत रंगाच्या चार रिकाम्या बादल्या आहेत. त्यांत हे दर वर्षी कडवे वाल लावायचे. बाजारातले नव्हेत, सासूबाईंच्या माहेराहून आलेले, बारीक, तपकिरी. एका बादलीत तीन असे बारा दाणे. वेल ग्रिलवर चढायचा, शेंगा धरायच्या, त्यातल्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळवून दाणे पुन्हा बाटलीत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात हे चौतीस वर्षं तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मापून बघायचा, सूतभर जरी फरक असला तरी परत पाठवायचा, हे त्यांचं काम. वेलसुद्धा ते स्टीलच्या पट्टीने मोजायचे. मी हसायचे. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, माझ्याकडे पन्नास पोरांच्या वह्या तपासायला असायच्या. बाल्कनीत काय चाललंय ते बघायला मला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

त्या बाटलीवरून आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं. श्रावणात नणंद जेवायला यायची होती, वाण्याकडे कडवे वाल संपले होते, आणि मी सरळ बाटलीचं झाकण उघडलं. यांनी येऊन बाटलीवर हात ठेवला. "हे खायचं नाही. हे बी आहे." मी दोन दिवस बोलले नाही. मूठभर दाण्यांसाठी बायकोला अडवणारा माणूस, असं मी नणंदेलाही ऐकवलं.

तर वाफ्यावर पहिल्यांदा जायच्या सकाळी मी बाटलीतले सगळेच्या सगळे दाणे घेऊन निघाले होते. सत्तेचाळीस होते. बाटलीत एकही ठेवला नाही. म्हटलं, आता लावायचे तर सगळे. आणि ते नुसते नेले नव्हते. दोन दिवस आधी भिजत घातले, मग पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधून ठेवले, आणि छान अर्ध्या बोटाएवढे मोड आणले. चौथीच्या पोरांना तीस वर्षं मी ओल्या फडक्यातली मटकी दाखवून बी कसं रुजतं ते शिकवलं होतं. मोड आलेलं बी मातीत ठेवायचं, म्हणजे अर्धं काम झालंच, असा माझा हिशोब. मोड वाळू नयेत म्हणून स्टीलच्या डब्यात पाणी घालून त्यात ते ठेवले आणि डबा मांडीवर धरून कल्याणहून रिक्षाने गेले. वाटेत खड्डे आले की झाकण दोन्ही हातांनी दाबून धरत होते.

पोचले तर बांधावर एक म्हातारी बसलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलाने माखलेले. मी रिक्षातून उतरता उतरता म्हटलं, "मावशी, ही पिशवी जरा धरा हो." तिने पिशवी धरली, वाफ्यापर्यंत आणून ठेवली आणि पुन्हा बांधावर जाऊन बसली. शेतकऱ्याचा मुलगा आला तेव्हा कळलं की ती त्याची आई. ही खाचरं तिच्या नावावर आहेत, आणि समोर ज्या दोन उंच इमारती उभ्या आहेत ती जमीनही एके काळी तिचीच. हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, त्या मला चिखलामुळे दिसल्या नव्हत्या. आम्हा शिकलेल्या लोकांचं हे असंच असतं, कपड्यांवरून माणूस ओळखायचा आणि मग कान धरायचे. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मी हमाली पन केली हाय, बाय. पिशवीचा काय." ती मला सरळ अगंतुगं करत होती. बत्तीस वर्षं सगळ्या गावाने मला बाई म्हटलेलं, त्यामुळे ते मला जरा लागलं, पण पहिली चूक माझी होती.

मुलाने मला वाफा दाखवला, कुदळ दिली आणि तो दुसऱ्या टोकाला एका तरुण जोडप्याकडे गेला. ती दोघं आधी फोटो काढत होती. माझ्यासमोर दोऱ्यांच्या आत कापलेल्या भाताची धसकटं होती, ओळीने, आणि मधे भेगा पडलेली जमीन. वर्षभर मी ही जागा डोळ्यांसमोर आणत होते, त्यात कुठेही धसकटं नव्हती.

डबा बांधावर ठेवला आणि कुदळ उचलली. पहिले चार घाव वरच्यावर सरकले. पाचवा घुसला तो निघेना. वर जमीन कडक होती, पण वीतभर खाली गेलं की काळी, ओली, गार. त्या ओल्या मातीचा वास आल्यावर मला एकदम चेव आला. ह्या जमिनीत ते येणार होते. आले असते तर आधी पट्टी काढून लांबी-रुंदी मोजली असती, मग मला वही धरायला लावली असती. मी रागारागाने खणत राहिले. कोणावर राग, ते विचारू नका. यांच्यावर होता, हॉस्पिटलवर होता, माझ्यावर तर होताच. अर्ध्या तासात तळहाताला दोन फोड आले आणि पदर घामाने भिजला.

बांधावरून म्हातारी म्हणाली की वालाला एवढं खणायचं नसतं, ओल उडते. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला कोणी शिकवलेलं आवडत नाही, हा मास्तरांचा रोगच आहे. तिने पुन्हा सांगितलं नाही. अकराच्या सुमाराला ऊन तापलं, मला गरगरायला लागलं आणि मी कुदळ टाकून बांधावर करंजाखाली तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. चहा गोड मिट्ट होता, पण त्या वेळी तो अमृतासारखा लागला.

मी डबा जवळ ओढला. उन्हात राहून तो चांगला कोमट झाला होता. झाकण उघडून मोड ठीक आहेत ना ते पाहिलं. तिनेही वाकून पाहिलं आणि मोड चांगले आलेत म्हणाली. मला उगाच बरं वाटलं. डबा आम्हा दोघींच्या मधे राहिला.

मग तिने विचारलं, "एकलीच आलीस? घरवाला नाय आला?"

ते वारले, मी म्हटलं. कवा, कशाने, असं तिने विचारलं आणि मी सांगायला लागले. आजार सांगितला, हॉस्पिटल सांगितलं, रोजचं ठाकुर्ली ते ठाणे सांगितलं. हे सगळं मी वर्षभरात शंभर लोकांना सांगितलं होतं. पण तिथे, ती अनोळखी बाई नुसती हं हं करत ऐकत होती म्हणून असेल, मी पुढचंही बोलले. जे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये नेल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी यांनी मला विचारलं, "वाल लावलेस का?" भाऊबीज झाली की त्यांचे वाल लावायचे दिवस. त्या दिवसांत मी सकाळी डबा करून निघत होते आणि दिवस मावळल्यावर परतत होते. मला बाल्कनीचं दार उघडायलाही सुचत नव्हतं. पण त्यांच्या नाकात नळी, आणि तशातही ते वालाचं विचारतात. मी म्हटलं, लावले. कधी, म्हणाले. मी म्हटलं, आजच सकाळी.

तिथून रोज सुरू झालं. रुजले का? तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, हो, दोन-दोन पानं आलीत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "जोरात आलेत यंदा." चेहरा हसरा झाला. मला वाटलं, बरं झालं, एवढ्या तरी गोष्टीने माणूस हसला. मग त्यांनी विचारलं, किती आले? बारा म्हटलं असतं तर बनावट वाटलं असतं. शाळेत पोरं खोटं बोलायची तेव्हा त्यांची गोष्ट फार नेटकी असायची आणि त्यावरूनच मी त्यांना पकडायचे. म्हणून मी एक कमी केला. अकरा, मी म्हटलं.

झालं, तेव्हापासून रोज बाराव्याची चौकशी. बारावा आला का? कोणत्या बादलीतला? माती उकरून बघू नकोस, वाट बघ. मी उत्तरं देत राहिले. उजवीकडच्या बादलीतला. अजून नाही. पाणी घालतेय. रोज गाडीत बसल्यावर मी त्या दिवशीचं खोटं तयार करायचे, वेल किती बोटं वाढला, कुठे टेकला. एकदा फार थकले होते तेव्हा चिडून म्हटलंही, इथे तुम्हाला रक्त चढवतायत आणि तुम्हाला वाल सुचतोय. तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. शेवटी त्यांचा आवाज खोल गेला, बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा त्यांनी न विचारताच मी सांगितलं, "अहो, बारावा आला."

"मग झालं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आत ते गेले.

घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी मी बाल्कनीचं दार उघडलं. बादल्यांतली माती वाळून काठापासून सुटली होती. म्हणून मला हा वाफा हवा होता. त्यांना जे सांगितलं ते उशिरा का होईना खरं करायचं होतं. त्यांच्या त्याच बाटलीतले दाणे, त्यांनी घेतलेल्या जमिनीत. इतकंच. देवाधर्माचं मी फारसं करत नाही, पण हे एक मला करायचं होतं.

हे सगळं सांगून झालं. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती. मग तिने विचारलं, "तिसऱ्या दिशी पान आलां म्हनून सांगितलास?"

मी मान हलवली.

"वाल तिसऱ्या दिशी पान नाय काढत, बाय. आठ दिस लागतान. थंडी असली त धा." आणि हळूच म्हणाली, "घरवाल्याला ठावं असंल."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं. तीस वर्षं तो माणूस वाल लावत होता. पट्टीने मोजत होता. तिसऱ्या दिवशी मी दोन पानांचं सांगितलं तेव्हाच त्याला कळलं होतं की बायकोने वाल लावलेले नाहीत. जोरात आलेत यंदा. सूतभर चूक परत पाठवणारा माणूस, त्याने माझी एवढी ढोबळ चूक हातात घेतली आणि ठेवून घेतली. रोज बाराव्याचं विचारलं. मी येऊन दुसरं काय बोलले असते? आज रक्त किती, डॉक्टर काय म्हणाले, विम्याची माणसं काय म्हणाली. त्याऐवजी आम्ही रोज पंधरा मिनिटं वालाबद्दल बोललो. आणि मी त्याच्यावर चिडले होते.

मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली ते लिहूनच टाकते. खोटं बोलल्याची नाही. तीस वर्षं माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरापासून पाच पावलांवर वाल उगवत होता, आणि तो किती दिवसांनी उगवतो हे मला माहीत नव्हतं.

मी डोळे पुसायला हात वर केला आणि हाताला काहीतरी चिकटलेलं दिसलं. वालाचं साल होतं. मी खाली बघितलं. आम्हा दोघींच्या मधे बांधावर तपकिरी सालांचा ढीग पडला होता. डब्यात पाण्यात पांढऱ्या, गुळगुळीत डाळिंब्या होत्या. सगळे वाल सोलून झाले होते.

कोणी पहिला सोलला ते मला आजही सांगता येणार नाही. ज्या घरात वाल शिजतात त्या घरातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. मोड आलेला वाल कोमट पाण्यात पुढे आला की अंगठा आपोआप दाबला जातो, दाणा सालातून सुटतो, आणि तोंड आपलं बोलत राहतं. आमच्या आया अशाच सोलायच्या, मावश्या अशाच सोलायच्या. लग्नाकार्यात चार बायका परातीभोवती बसल्या की गप्पा संपायच्या आत परात सोलून व्हायची. मी माझ्या नवऱ्याचं मरण सांगत होते आणि त्याचं बी माझ्याच हाताने सोलत होते.

मी डबा हिसकावून घेतला. पाणी सांडलं. "तुम्हाला विचारायला काय झालं होतं? हे लावायला आणले होते. बी होतं ते." माझा आवाज इतका चढला की ते फोटोवालं जोडपं वळून बघायला लागलं. दोष तिचा नव्हता हे बोलताना मला कळत होतं, तरी मी बोलत होते.

ती खरोखरच गोंधळली. हातातलं शेवटचं साल तिने जपून ढिगावर ठेवलं. "बियाला आनलेलास? मोड आनून? मना वाटला बिरड्याला." मग म्हणाली, "मोड आनून वाल कोन पेरतं, बाय? आमी सुकाच टाकतो. भुईत ओल हाय ना. आन् सगला बी एकदम कोनी काढतं का?"

मी पदर तोंडावर घेऊन रडले. वर्षभरात अशी रडले नव्हते. भेटायला येणाऱ्यांना पाणी देताना, फॉर्म भरताना, त्यांचे कपडे बांधून देताना, कुठेच नाही. त्या बाईने मला थोपटलं नाही की उगी म्हटलं नाही. मी डाळिंब्या तशाच मातीत घालायला उठले तेव्हा मात्र तिने माझं मनगट धरलं. सोललेला वाल कुजेल, नाही कुजला तर मुंग्या नेतील, असं तिने सांगितलं. घरी ने, शिजव, अन्न आहे ते.

मग तिने डबा आपल्याकडे घेतला आणि त्यात हात घालून तळ चाचपायला लागली. बोटांनी एकेक दाणा बाजूला सारत होती. तिने तीन दाणे काढून माझ्या तळहातावर, फोडांच्या शेजारी ठेवले. ते गणंग होते. कितीही भिजवले तरी फुगत नाहीत, खड्यासारखे राहतात, त्या दाण्यांना आमच्याकडे गणंग म्हणतात. ते सोलले जात नाहीत. दाताखाली येऊ नयेत म्हणून प्रत्येक वेळी निवडून केरात टाकायचे, हे मी लहानपणापासून करत आले.

"यांना पानी लागलां नाय," ती म्हणाली. "हे जिते हायेत. यांना लाव. पन घाई करू नको. यांच्या मनात येल तवा येतील."

मी एवढं खणून ठेवलं होतं त्या जागी तिने मला लावू दिले नाहीत. वाफ्याच्या कडेला, जिथे कुदळ लागली नव्हती, तिथे तिने काठीने तीन भोकं पाडली, बोटाच्या दोन पेरांएवढी. मी एकेका भोकात एकेक दाणा सोडला आणि माती लोटली. पाणी घालायचं का विचारलं तर नको म्हणाली. पहिल्या दिवसाचं माझं काम तेवढंच झालं. बाकीचा वाफा नुसता उकरून टाकलेला होता. निघताना मी तिला म्हटलं की मी ओरडायला नको होतं. ती म्हणाली, "माजा गेला तवा मी बैलाला मारलेलां." आणि पिशवी उचलून रिक्षापर्यंत आली. या वेळी मी तिला पिशवी धरा म्हटलं नव्हतं.

घरी येऊन मी अंघोळ केली आणि डाळिंब्या फोडणीला टाकल्या. ओलं खोबरं, गूळ, आमसूल, जसं नेहमी करते तसं. हे खायचं नाही, हे बी आहे, असं म्हणणारं कोणी नव्हतं. ताटलीत वाढून घेतलं आणि ओट्याशी उभी राहूनच खाल्लं. ज्या दाण्यांवरून मी दोन दिवस अबोला धरला होता ते वाण्याकडच्या कडव्या वालांसारखेच लागले. थोडे कडू, थोडे गोड. मी सगळे खाल्ले, एकही टाकला नाही.

मग ताटली धुऊन बाल्कनीत गेले. चार बादल्या तशाच होत्या. ग्रिलला पूर्वीच्या एका वेलाचा वाळका आकडा अजून गुंडाळलेला होता, तो मी वर्षभर पाहिला नव्हता. खाली मुलं खेळत होती, शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत होते, आणि मला कोणी ऐकेल की काय याची जराही पर्वा वाटली नाही.

"अहो," मी म्हटलं, "बारावा आला नव्हता. एकही आला नव्हता. तुम्हाला माहीत होतं." मी त्या वाळक्या आकड्याला हात लावला. "आज तीन लावलेत. अजून काही नाही. आठ दिवस लागतात म्हणे."